दावं आणि कासरा

आमच्या टिळकवाडीत फाटकांवरच्या पाट्या दोन भाषांत असतात. वर मराठीत 'कुत्र्यापासून सावध राहा' आणि खाली कन्नडमध्ये 'नायि इदे, एच्चरिके'. काही घरांवर अक्षरंच नसतात, दात विचकलेल्या कुत्र्याचं नुसतं चित्र असतं. भाषा कुठलीही असो, सांगणं एकच. सावध राहायचं ते येणाऱ्यानं. पोस्टमननं, दूधवाल्यानं, घरकामाला येणाऱ्या बाईनं, वर्गणी मागायला आलेल्या पोरांनी. ज्याचं कुत्रं आहे त्यानं पाटी लावली की त्याचं काम संपलं.

कायदा मात्र उलट्या बाजूनं बोलतो, हे मला गेल्या वर्षी कळलं. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या 291व्या कलमात हे आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होण्याचा किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव असेल, आणि तो टाळायला पुरेशी काळजी कुणी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या संहितेत हेच 289वं कलम होतं आणि दंड एक हजारापर्यंत होता. म्हणजे ही काही नवी टूम नव्हे, इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली गोष्ट आहे. तिच्यात पाटीचा उल्लेख कुठेच नाही. सावध राहायला सांगितलंय ते ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याला.

कायद्याची पुस्तकं उघडायची वेळ का आली, तेवढं सांगते.

आमच्या शेजारच्या अक्का चौऱ्याहत्तर वर्षांच्या. यजमान जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा बेंगळुरूला कंपनीत. लॉकडाऊनमध्ये तो घरी बसून काम करायला इथे आला तेव्हा त्यानं मुधोळ कुत्र्याचं पिल्लू आणलं. मुधोळ इथून शंभरेक किलोमीटरवर, बागलकोट जिल्ह्यात. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली. नजरेनं सावज हेरून धावत जाऊन पकडणारं हे कुत्रं. 2005 साली त्याचं टपाल तिकीट निघालं, 2016 साली लष्करानं या जातीची पिल्लं मेरठच्या केंद्रात शिकवायला नेली. असं हे नावाजलेलं जनावर. लांब पाय, आत गेलेलं पोट, वीस-पंचवीस किलो वजन, आणि सगळा जन्म धावण्यासाठी. नाव ठेवलं राजा. ऑफिस पुन्हा सुरू झालं तसा मुलगा परत गेला, आणि 'आईला सोबत होईल' म्हणून राजा अक्कांकडे राहिला.

2025 च्या जुलैत, चातुर्मास बसला त्याच आठवड्यात, माझ्या सासूबाई नेहमीप्रमाणे सकाळी सहाला बस्तीत निघाल्या. वय एक्याऐंशी. बस्तीला जाताना त्या पायात चप्पल घालत नाहीत. हातात तांदळाची डबी. अक्कांनी दुधाची पिशवी घ्यायला फाटक उघडलं आणि राजा बाहेर सुटला. पलीकडच्या कट्ट्यावर मांजर होतं. राजा सासूबाईंवर धावून गेला नाही, भुंकलासुद्धा नाही. मांजराकडे झेपावताना त्याचा खांदा त्यांच्या मांडीवर आदळला, एवढंच. त्या एका कुशीवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

त्या आठ दिवसांत भेटायला आलेल्या प्रत्येकानं पहिला प्रश्न एकच विचारला, "चावलं नाही ना?" नाही म्हटलं की हुश्श करायचे. "मग ठीक आहे." मोडलेल्या खुब्यात धातूचा सांधा बसवलेली बाई समोर पडून होती, तरी 'मग ठीक आहे'. कुत्र्याचा अपराध आपण दातांनीच मोजतो. दात लागले तरच काहीतरी झालं. पण मोकळं कुत्रं न चावताही माणसाला पाडतं, स्कूटरच्या चाकाखाली येऊन चालवणाऱ्याला आडवं करतं, लहान पोराच्या मनात जन्माची धास्ती बसवतं. पट्टा या सगळ्यासाठी असतो.

डॉक्टरांनी मात्र वेगळं विचारलं. नख किंवा दात कुठे लागलंय का, लाळ जखमेला लागली का, कुत्र्याला रेबीजची लस दिलीय का. हे प्रश्न प्रत्येक घरातल्या बाईला पाठ असावेत असं मला वाटतं, म्हणून इथे लिहून ठेवते. दात किंवा नख लागून कातडी फाटली की पहिलं काम हळद नाही, चुना नाही, तिखट तर मुळीच नाही. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मग दवाखाना गाठायचा आणि लशीचे सगळे डोस ठरलेल्या दिवशी पुरे करायचे. जखम खोल असली, रक्त आलं असलं, तर जखमेत देण्याचं वेगळं इंजेक्शनही लागतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की पुढे बहुतेक काहीच हातात राहत नाही. राजाचं लशीचं कार्ड अक्कांच्या कपाटात नीट होतं, आणि सासूबाईंना खरचटलं होतं ते रस्त्याचं. त्या बाबतीत आम्ही सुटलो.

आम्ही त्यांना घरी आणलं त्या रात्रीची गोष्ट. अक्का येऊन माझा हात धरून रडल्या. "आता मी बांधूनच ठेवतो ग त्याला. परत सोडणार नाही, देवाशपथ." आणि त्यांनी शब्द पाळला. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशेजारी लोखंडी कडी होती, तिला हातभर साखळी अडकवून राजाला बांधला. दिवसा आणि रात्री. पावसातही. चार पावलं पुढे, चार मागे. तिसऱ्या दिवसापासून तो रात्री विव्हळायला लागला. सासूबाईंची खोली त्याच भिंतीला लागून. त्यांना कुशीवर वळता येत नव्हतं, झोप तर नव्हतीच. पहाटे मी औषध द्यायला गेले तर म्हणाल्या, "माझं हाड मोडलं ते मोडलं. त्याला कशाला डांबलंय?"

धाकटे दीर हुबळीहून आले होते. ते वेगळंच म्हणत होते. "तक्रार दे, वहिनी. उद्या दुसऱ्या कुणाला पाडेल. शेजार शेजार करत बसायचं का?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी कलम वाचलं ते त्यांच्याच फोनवर. पण वाचताना एका शब्दापाशी अडखळले. कायदा 'ताब्यातलं' जनावर म्हणतो. पिल्लू विकत कुणी आणलं हे तो विचारत नाही. कुत्रं आणलं मुलानं, त्याचे फोटो स्टेटसला ठेवतो मुलगा, आणि तक्रार झालीच तर पोलिसांसमोर उभी राहणार चौऱ्याहत्तर वर्षांची आई.

श्रावणात आमच्या महिला मंडळाच्या स्वाध्यायात हा विषय निघाला. निघणारच. अर्ध्या जणी सासूबाईंना बघून गेलेल्या, अर्ध्या जणींना रात्री राजाचं विव्हळणं ऐकू येत होतं. आणि त्याच दिवसांत वर्तमानपत्रांत रोज कुत्रीच. 11 ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्यांना जिथून उचललं तिथेच सोडायचं, रेबीज झालेली किंवा हल्ला करणारी तेवढी सोडायची नाहीत, आणि खायला घालायचं ते ठरवून दिलेल्या जागीच. मंडळात कुणी पहिली बातमी वाचलेली, कुणी दुसरी. "आता सगळीच कुत्री उचलणार म्हणे, राजालाही नेतील." मला सांगावं लागलं, अहो, ते बेवारशी कुत्र्यांचं आहे. ज्याला घर आहे त्याचा प्रश्न कोर्टाचा नाही, घराचा आहे.

मंडळात सरळ दोन तट पडले. एका बाजूच्या म्हणाल्या, जनावराला बांधणं ही हिंसाच. आपण अणुव्रतं घेतलेली माणसं. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिलाच 'बंध'. दुसऱ्या बाजूच्या म्हणाल्या, मग माणसाचा जीव हा जीव नाही का? नेऊन सोडा पांजरपोळात, नाहीतर शहराबाहेर.

दुसरं म्हणणं लवकर निकालात निघालं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, जनावराची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला सोडून देणं हाही गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, चार वर्षं गादीवर झोपलेलं कुत्रं हायवेवर सोडून येणं याला जीवदया म्हणायला तिथे कुणाची जीभ वळली नाही.

पहिलं म्हणणं मात्र मनात राहिलं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हे अतिचार आहेत. बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, पेलणार नाही इतकं ओझं लादणं, आणि अन्नपाणी रोखणं. हे पाचही पाळीव जनावराचेच अपराध आहेत, हे लक्षात आलं तेव्हा नवल वाटलं. रानातल्या वाघाला कोण ओझं लादतं? आपल्या आचार्यांपुढे दावणीची गुरं असणारा गृहस्थ होता. त्याला 'जनावर पाळू नकोस' एवढ्यावर त्यांनी सोडलं नाही. जनावर असणारच आहे तर त्याच्याशी वागताना घसरायला कुठे होतं, त्या जागा दाखवून ठेवल्या. आणि श्रावकाचारावर लिहिणाऱ्यांनी 'बंध' म्हणजे काय हेही उलगडून सांगितलंय. कारण असताना बांधणं वेगळं, उगाच बांधणं वेगळं. त्यातही दया ठेवून बांधणं वेगळं आणि निर्दयपणे करकचून बांधणं वेगळं. बांधायचंच तर गाठ सैल हवी, आग लागली तर चटकन सोडता यावी अशी.

हे वाचलं आणि मला माझे वडील आठवले. माहेर चिकोडी तालुक्यातलं, घरी शेती, दोन बैलजोड्या. वडील दाव्याला मारायचे ती गाठ एका ओढीत सुटायची. आम्हा पोरींनाही त्यांनी ती शिकवली होती. शेजारच्या गोठ्यात कडब्याची गंजी पेटून बांधलेली म्हैस गेल्याचं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. त्यांनी कुठला ग्रंथ वाचून ती गाठ मारली नव्हती.

त्यांच्याकडे दोरांची दोन नावं होती. दावं आणि कासरा. आज शहरातल्या मुलांना दोन्ही दोरच वाटतील. दावं खुंट्याला असतं, कासरा हातात असतो. दाव्याला बांधून माणूस जेवायला जातो, झोपतो, गावाला जातो. कासरा धरला की कुठे जाता येत नाही. बैल चालेल तसं चालायचं, तो थांबला की थांबायचं, तो बुजला तर आपण आधी उभं राहायचं. बाजारात किंवा रस्त्यानं बैल नेताना वडील कासरा कधीच सोडत नसत. बैल गरीब असला तरी. "आपल्याला माहीत आहे तो गरीब आहे. समोरनं येणाऱ्याला कुठं माहीत?" असं म्हणायचे. आणि कासरा मनगटाला गुंडाळू द्यायचे नाहीत. बैल उधळला तर हात खांद्यातून निखळतो. मुठीत धरायचा, दुमड घेऊन.

अक्कांच्या अंगणातली साखळी हे दावं होतं. सकाळी फाटक उघडताना हवा होता तो कासरा. मंडळातल्या दोन्ही तटांची गल्लत इथे होत होती. 'बांधणं' हा एकच शब्द दोन्हींना लावून आम्ही भांडत होतो.

गंमत म्हणजे कायद्यानंही हा फरक केलाय. त्याच 1960 च्या कायद्याच्या अकराव्या कलमात, जनावराला अवास्तव आखूड किंवा अवास्तव जड साखळीनं अवास्तव वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. लगेच पुढे खास कुत्र्यासाठी वेगळं वाक्य आहे. नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं, हाही गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. 1960 सालचे पन्नास रुपये अजून तसेच छापलेले आहेत. आज त्यात कोथिंबिरीच्या दोन-तीन जुड्या येतील. पण आकडा हसण्यासारखा असला तरी सांगणं खरं आहे. एक कायदा म्हणतो, मोकळं सोडू नकोस. दुसरा म्हणतो, जखडून ठेवू नकोस. मधे जी जागा उरते ती एका माणसाच्या हाताएवढी आहे. कुणीतरी पट्टा धरून त्या कुत्र्याबरोबर चालायचं, रोज, दोन वेळा. याला दुसरा मार्ग दोन्ही कायद्यांनी ठेवलेला नाही.

मग प्रश्न आला, चालणार कोण? अक्का गुडघ्यांनी अधू. त्यांच्या हातात पट्टा देणं म्हणजे बैलाचा कासरा पाच वर्षांच्या पोराकडे देण्यासारखं. कायद्यातला 'पुरेशी काळजी' हा शब्द मला इथे नीट समजला. पट्टा लावला म्हणजे काळजी घेतली असं होत नाही. पट्टा धरणाऱ्याला ते कुत्रं आवरलं पाहिजे.

मी त्यांच्या मुलाला फोन केला. तो आधी म्हणाला, "काकू, हॉस्पिटलचा सगळा खर्च मी देतो." मुलगा चांगला आहे, लहानपणी आमच्याच घरी जेवायचा. मी म्हटलं, खर्चाचं राहू दे बाबा, तू एक सांग, कुत्रं तुझं की आईचं? तो गप्प झाला. मग मी त्याला ते कलम वाचून दाखवलं, आणि 'ताब्यातलं' या शब्दावर थांबले. "उद्या दुसरं कुणी पडलं आणि त्यानं तक्रार दिली, तर नाव आईचं लागेल." शनिवारी तो गाडीनं हजर झाला.

जनावरांच्या डॉक्टरकडे आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी पहिलं काय केलं तर राजाच्या गळ्याला साखळीनं पडलेला वण दाखवला. म्हणाले, ही जात बांधून ठेवली तर बिघडते. रोज मनसोक्त धावलं तर घरात मांजरासारखं पडून राहतं. न धावलेलं कुत्रं फाटक उघडायचीच वाट बघत असतं. गळपट्ट्यापेक्षा छातीला बसणारा पट्टा घ्या, ओढलं तरी गळा आवळत नाही. पट्टा चार-पाच फुटांचा पुरे. ते लांब होत जाणारे गुंडाळीचे पट्टे रस्त्यावर नकोत, कुत्रं पंधरा फूट पुढे गेल्यावर तुम्ही काय आवरणार? मुसक्याचं विचारलं तर म्हणाले, याला गरज नाही, हा चावरा नाही. पण कधी लागलंच तर जाळीचं घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. कापडी मुसकं घालून उन्हात फिरवलं तर कुत्रं तापून मरू शकतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते तोंडानंच थंड होतं.

मुसकं म्हटल्यावर मला खळ्यातले बैल दिसले. मळणीच्या वेळी कणसांत तोंड घालू नये म्हणून त्यांना मुसकी बांधायचे. वडील मात्र अधूनमधून पात थांबवून मुसकं काढून बैलांना मूठमूठ चारायचे. अन्नपाननिरोध हा शब्द त्यांना कुणी सांगितला नव्हता, तरीही.

मंडळातल्या एकीनं मधेच विचारलं होतं, अशा जातीच बंद का करत नाहीत? तसाही प्रयत्न झालाय. मार्च 2024 मध्ये केंद्रानं पिटबुल, रॉटवायलर अशा तेवीस जातींची विक्री आणि पैदास थांबवायला राज्यांना कळवलं होतं. त्या यादीत मुधोळ नव्हता. पुढच्याच महिन्यात आपल्या कर्नाटकच्या हायकोर्टानं ते परिपत्रक रद्द केलं. दुसरीकडे नोएडासारख्या ठिकाणी रस्ता वेगळा धरला आहे. पाळीव कुत्र्यानं कुणाला इजा केली तर मालकाला दहा हजार दंड आणि जखमीच्या उपचारांचा खर्च. मला हे दुसरं बरं वाटतं. जातीवर बोट ठेवलं की बाकीचे मालक निवांत होतात. आमच्या सासूबाईंना पाडणारं कुत्रं कुठल्याच यादीत बसलं नसतं.

मुलानं दोन दिवस राहून व्यवस्था लावली. जवळच्या कॉलेजातला एक मुलगा सकाळ-संध्याकाळ राजाला फिरवायला येतो, महिन्याचे पैसे बेंगळुरूहून येतात. सकाळची वेळ साडेसातनंतरची ठेवली, बस्तीला जाणाऱ्यांची वर्दळ संपल्यावर. कोपऱ्यावरच्या बंदिस्त प्लॉटच्या मालकांनी परवानगी दिली, तिथे फाटक लावून राजाला अर्धा तास मोकळा पळू देतात. अक्कांच्या दारात आतल्या बाजूला आणखी एक छोटं फाटक बसवलं, म्हणजे दुधासाठी बाहेरचं उघडलं तरी कुत्रं आतच राहतं. या छोट्या फाटकाला सगळ्यांत कमी पैसे लागले आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त उपयोग त्याचाच झाला. साखळी भंगारात गेली.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. क्षमावाणीच्या दिवशी अक्का आमच्याकडे आल्या. सासूबाई वॉकर धरून पहिल्यांदाच बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या होत्या. अक्कांनी हात जोडले, त्यांना पुढे बोलता येईना. सासूबाई म्हणाल्या, "अगं, क्षमा केव्हाच केली. फिरवणारा पोरगा सुट्टीवर गेला की कोण येणार, ते ठरवलंस का?"

मला वाटतं या एका वाक्यात आमच्या मंडळातला सगळा वाद संपतो. क्षमा घडलेल्या गोष्टीला असते. पट्टा पुढे घडू शकणाऱ्या गोष्टीला. आपल्याकडे या दोन्हींची सरमिसळ फार होते. नियम दाखवला की 'एवढं मनाला लावून घेऊ नका' म्हणतात, आणि क्षमा केली की नियमाची गरज उरत नाही असं धरून चालतात. दिरांना तक्रार नोंदवायची होती, ती नोंदवली नाही. पण आमच्या गल्लीतल्या सहा कुत्रेवाल्या घरांनी एका कागदावर सह्या केल्या. फाटकाबाहेर पट्ट्याशिवाय कुत्रं नाही. पट्टा मोठ्या, सशक्त माणसाच्या हातात. लशीचं कार्ड दरवर्षी पुरं. घाण केली तर उचलायची पिशवी बरोबर. आणि दिवसरात्र साखळीला कुणी बांधायचं नाही. शेवटची ओळ सासूबाईंनी घालायला लावली.

अजून त्या एकट्या बस्तीला जाऊ शकत नाहीत. जाड सोलची चप्पल घालतात, कुणीतरी हात धरतो. पन्नास वर्षं अनवाणी गेलेल्या बाईला ती चप्पल बस्तीच्या पायरीशी काढताना फार वेळ लागतो. क्षमेनं हाड पूर्वीसारखं जुळत नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

आता तुमच्याशी थोडं. कुत्रं आणायचा उत्साह घरात मुलांना असतो. पहिले सहा महिने ती त्याला फिरवतातही. मग परीक्षा येतात, नोकऱ्या लागतात, लग्नं होतात, आणि पट्ट्याचं दुसरं टोक नकळत घरातल्या बाईच्या हातात येतं. कधी सुनेच्या, कधी आईच्या, कधी गुडघे गेलेल्या आजीच्या. कायद्याच्या भाषेत 'ताबा' तिचा होतो, तिला कुणी न विचारता. म्हणून पिल्लू दारात यायच्या आधीच घरातल्या बाईनं तीन गोष्टी विचाराव्यात. हे पूर्ण वाढल्यावर किती किलोचं होईल? रोज दोन वेळा त्याच्याबरोबर कोण चालेल? आणि तो माणूस गावाला गेला तर त्याच्या जागी कोण? ही उत्तरं नावांसकट मिळाली तर खुशाल आणा, कुत्र्यासारखी माया लावणारं जनावर नाही. 'आई आहेच की घरात' असं उत्तर आलं, तर पिल्लाला आणि आईला दोघांनाही त्यातून सोडवा.